कोळशाच्या गावी हवामान बदलाचे शिक्षण

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरी हे गाव रेल्वेच्या प्रवाशांना वर्धा-बल्लारशाह मार्गावरील जंक्शन म्हणून माहीत आहे, कारण वणी आणि पिंपळखुटीकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. विदर्भातील कामगारांना मात्र ते कोळशाचे गाव म्हणून ठाऊक आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीचे एक खाणक्षेत्र याच गावाच्या नावाने ओळखले जाते आणि परिसरात खुल्या खाणी व त्यांतून उपसलेल्या मातीचे ढिगारे दूरवर पसरलेले आहेत. जागतिक तापमानवाढीच्या चर्चेत कोळसा कारण म्हणून येतो आणि उष्णतेच्या लाटांच्या चर्चेत चंद्रपूर बळी म्हणून येते. परंतु कारण आणि परिणाम ही दोन्ही टोके जेथे एकत्र आली आहेत, तेथील सामान्य माणसाला हा विषय कसा समजावून द्यावा, याचा विचार मात्र क्वचितच होतो. शाळा-महाविद्यालयाबाहेरच्या लोकशिक्षणासाठी आज वस्तुसंग्रहालय आणि ऑनलाइन अभ्यासक्रम ही दोन साधने जगभर वापरली जातात. ती काय साधू शकतात, कोठे अपुरी पडतात आणि त्यांना लागणारे साहित्य चंद्रपूर-गडचिरोलीच्या जमिनीतच कसे पडून आहे, हे पाहणे येथे उद्बोधक ठरते.

शब्दापासूनची अडचण

मराठीतून हा विषय शिकवताना पहिली अडचण शब्दाचीच येते. ‘हवामान’ हा एकच शब्द मराठी माणूस दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. उद्या पाऊस येईल की नाही हे सांगणारे ते हवामान खाते, आणि दशकानुदशके होत गेलेला बदल तोही हवामान बदल. शास्त्राच्या दृष्टीने पहिली गोष्ट म्हणजे एखाद्या ठिकाणची त्या त्या दिवसाची हवेची स्थिती होय, तर दुसरी म्हणजे त्या ठिकाणी दीर्घ काळ, साधारणपणे तीस वर्षे, घेतलेल्या नोंदींवरून दिसणारे सरासरी स्वरूप होय. मराठी विश्वकोशाने या दुसऱ्या अर्थासाठी ‘जलवायुमान’ असा स्वतंत्र शब्द योजला. राज्य शासनाने २०२० मध्ये पर्यावरण विभागाचे नाव ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असे केले. वृत्तपत्रांनी मात्र ‘हवामान बदल’ हाच शब्द रूढ केला आणि बोलण्यात तोच राहिला. त्यामुळे जानेवारीत कडाक्याची थंडी पडली की तापमानवाढ खोटी आहे असे वाटू लागते आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या वर गेला की त्या एकाच दिवसाला पुरावा मानले जाते. दोन्ही निष्कर्ष सारखेच कच्चे आहेत. एका दिवसाचा भाव पाहून बाजाराची चाल ठरवता येत नाही, ही गोष्ट ज्या शेतकऱ्याला कापसाच्या बाबतीत शिकवावी लागत नाही, त्याला हा फरक समजणे अवघड नाही. तो त्याच्या व्यवहाराच्या भाषेत मांडला जाणे तेवढे आवश्यक असते.

जमिनीत मांडलेले दालन

हवामान बदलाचे संग्रहालय पृथ्वीच्या जुन्या हवामानापासून आरंभ करू शकते, आणि या बाबतीत चंद्रपूर जिल्हा असाधारण संपन्न आहे. पैनगंगा नदीच्या पात्रात इरई गावाजवळ चुनखडीच्या जुन्या खडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर समांतर ओरखडे उमटलेले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये या खुणांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या बर्फाने केलेल्या आहेत असे दाखवून दिले. बर्फाचा जाड थर जमिनीवरून हळूहळू सरकतो तेव्हा त्याच्या तळाशी रुतलेले गोटे खालच्या खडकावर कानशीसारखे घासले जातात. बर्फ वितळल्यावर तो गोट्या-मातीचा कालवलेला गाळ तेथेच बसतो. ओडिशातील तालचेर येथील अशाच गाळावरून या थरांना ‘तालचीर’ थर म्हणतात आणि त्यांचे वय सुमारे २९ ते ३० कोटी वर्षे आहे. आज जेथे उन्हाळ्याच्या दुपारी डांबर मऊ होते, त्या प्रदेशावर एके काळी हिमनद्या होत्या, ही गोष्ट पुस्तकात वाचून पटण्यापेक्षा त्या ओरखड्यांवरून बोट फिरवल्यावर अधिक पटते.

या थरांच्या वर कोळसा आहे. बर्फ मागे हटल्यावर वर्धा नदीच्या आजच्या खोऱ्यात दलदलीची अरण्ये माजली. त्यांतील झाडे पडून पाण्याखाली गेली, हवेचा स्पर्श तुटल्यामुळे ती पूर्ण कुजली नाहीत, वर वाळू आणि गाळ साचत गेला आणि दाब व उष्णतेने त्या झाडांचा कोळसा झाला. या अरण्यातील प्रमुख वनस्पतीचे नाव ‘ग्लोसोप्टेरिस’ असे आहे. ‘ग्लोसा’ म्हणजे जीभ, आणि तिचे पान खरोखरच जिभेच्या आकाराचे, मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा असलेले होते. कोळशाच्या थरालगतच्या चिखलदगडाचे पापुद्रे सुटे केले की त्यांवर अशा पानांचे ठसे सापडतात. माजरीतील कोळसा हा याच अरण्याचा अवशेष होय.

पुढच्या काळाची पाने त्याच परिसरात थोड्या थोड्या अंतरावर उघडी पडलेली आहेत. वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे महाकाय शाकाहारी डायनोसोरांची हाडे आणि त्यांच्या विष्ठेचे दगड बनलेले गोळे मिळतात. नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, या स्थळाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष आहे. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलीन स्ट्रॉमबर्ग, हबीब आलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी या विष्ठाश्मांतून गवताचे सूक्ष्म सिलिकाकण वेगळे काढले. वनस्पतीच्या पेशींत साठणारे हे काचेसारखे कण वनस्पती कुजून गेली तरी टिकतात आणि त्यांच्या आकारावरून ती कोणत्या कुळातील होती हे ओळखता येते. डायनोसोरांच्या काळात गवत नव्हतेच, अशी तोवर समजूत होती. ती वरोऱ्याजवळच्या एका शेणगोळ्याने मोडली, आणि भात ज्या कुळातला आहे त्या तृणकुळाचा इतिहास मागे सरकला. दक्षिणेस, आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात, पोचमपल्लीजवळ भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना त्याहूनही फार जुन्या, आरंभीच्या ज्युरासिक काळातील डायनोसोराची हाडे सापडली. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास झालेल्या या शोधामुळे त्याचे नाव ‘बारापासॉरस टागोराय’ ठेवले गेले. त्याचा उभा केलेला सांगाडा कोलकात्यात आहे. सिरोंच्याजवळ वडधम येथे वनखात्याने जीवाश्म उद्यान राखले असून तेथे दगड झालेली झाडांची खोडे जागच्या जागी पाहता येतात.

ज्या भूखंडावर हे सारे घडले त्याला जग ‘गोंडवाना’ म्हणते, आणि ते नाव याच भूमीतून गेलेले आहे. भूशास्त्रज्ञ हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास मध्य भारतातील या खडकांना गोंडांच्या देशावरून ‘गोंडवाना’ हे नाव दिले. ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड स्यूस यांनी १८८५ मध्ये भारत, आफ्रिका आदी भूभागांना एकत्र धरून ‘गोंडवानालँड’ ही कल्पना मांडली. गोंड राजांची राजधानी राहिलेल्या चंद्रपूरच्या मुलाला हा शब्द परक्या शास्त्रातून आला असे वाटावे, हे शिक्षणाचे अपयशच म्हणावे लागेल.

पूर्वीचा बदल आणि आताचा बदल

येथेच संग्रहालयाच्या मांडणीतील एक धोका दडलेला आहे. आधी बर्फ, मग अरण्य, मग डायनोसोर, मग दख्खनच्या लाव्हाचे थर, असा क्रम पाहून बाहेर पडणारा माणूस सहज म्हणू शकतो की हवामान तर नेहमीच बदलत आले आहे, मग आजच्या बदलाची एवढी चिंता का करावी? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला टाळून पुढे गेलेले प्रदर्शन उलटा परिणाम करून जाते. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

पहिला भाग जागेचा आहे. इरईच्या खडकावर बर्फ चढला तेव्हा भारताचा भूभाग आजच्या जागी नव्हता. तो दक्षिण ध्रुवाजवळच्या अक्षांशांत होता आणि पुढे कोट्यवधी वर्षांत उत्तरेकडे सरकत आला. म्हणजे त्या बदलातील मोठा वाटा भूखंडाच्या प्रवासाचा होता. दुसरा भाग वेगाचा आहे. हिमयुगाच्या शेवटी, सुमारे १८ हजार ते ११ हजार वर्षांपूर्वी, हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांत साधारण १९० भागांवरून २६० भागांच्या घरात गेले; त्या वाढीला काही हजार वर्षे लागली. औद्योगिक युगाच्या आधी ते सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये अखंड मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ भाग होते आणि आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. ज्या वाढीला निसर्गाने हजारो वर्षे घेतली तिच्याहून मोठी वाढ एका माणसाच्या आयुष्यात झाली. पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालापर्यंत सुमारे १.१ अंशाने वाढले होते. झाडे, किडे, पिके आणि माणसांच्या वस्त्या यांना जुळवून घेण्यासाठी जो अवधी लागतो, तो या वेगात मिळत नाही.

मग ही वाढ कोळशामुळेच झाली, हे कशावरून? याचे उत्तर माजरीच्या कोळशाच्या तुकड्यातच आहे. हवेतील कार्बनमध्ये ‘कार्बन-१४’ नावाचा किंचित किरणोत्सारी प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो. जिवंत झाड तो हवेतून घेत राहते, पण झाड मेल्यावर त्याचा साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. साधारण पन्नास हजार वर्षांनंतर तो मोजता येण्याइतकाही उरत नाही. कोळसा तर कोट्यवधी वर्षांचा. त्यात कार्बन-१४ नसतोच. असा कोळसा मोठ्या प्रमाणावर जाळला, तर हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण पातळ व्हायला हवे, जसे दुधात पाणी मिसळले की दूध पातळ होते. ते तसेच पातळ झाल्याचे झाडांच्या वाढीच्या वलयांवरून १९५५ मध्ये हान्स स्यूस या शास्त्रज्ञाने दाखवले. हे हान्स स्यूस म्हणजे गोंडवानालँडची कल्पना मांडणाऱ्या एडुआर्ड स्यूस यांचे नातू. आजोबांनी गोंडांच्या देशाचे नाव एका प्राचीन महाखंडाला दिले आणि नातवाने अशाच प्राचीन अरण्यांचा जळालेला कार्बन हवेत ओळखून दाखवला. हा योगायोग चंद्रपूरच्या कोणत्याही दालनात ठळकपणे सांगण्यासारखा आहे.

हिशेबही सोपा आहे. कोळशाच्या एका किलोत साधारण ४०० ग्रॅम कार्बन धरला, तर जळताना प्रत्येक १२ ग्रॅम कार्बनला हवेतील ३२ ग्रॅम ऑक्सिजन जोडला जाऊन ४४ ग्रॅम वायू तयार होतो, म्हणजे एक किलो कोळशातून जवळजवळ दीड किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. कोळशापेक्षा त्याच्या धुरातील वायूचे वजन जास्त कसे, हे कोडे विद्यार्थ्याला हमखास थबकवते, आणि उरलेले वजन हवेतून आले हे कळल्यावर रसायनशास्त्राचा एक मूलभूत नियम कायमचा त्याच्या लक्षात राहतो. कोळशावर तयार होणाऱ्या एका युनिट विजेमागे ढोबळमानाने एक किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. २,९२० मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र डोळ्यांसमोर ठेवले की हा हिशेब अमूर्त राहत नाही.

संग्रहालय काय करू शकते

जगात केवळ हवामान बदलाला वाहिलेली संग्रहालये अलीकडची आहेत. जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लिमाहाउस’मध्ये प्रेक्षक एकाच रेखांशावरून पृथ्वीप्रदक्षिणा करतो, वाळवंटाच्या खोलीत त्याला उकडते आणि ध्रुवाच्या खोलीत हुडहुडी भरते, म्हणजे ज्ञान आधी त्वचेला होते आणि मग बुद्धीला. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठात डिसेंबर २०१३ मध्ये उघडलेल्या जॉकी क्लब संग्रहालयात ध्रुवप्रदेशांच्या संशोधक रेबेका ली यांनी मोहिमांतून आणलेल्या वस्तू ठेवलेल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये २०१५ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्लायमेट म्युझियम’ने प्रदर्शन पाहून झाल्यावर प्रेक्षकाने पुढे काय करावे, यावर भर दिला. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली, तिच्यातही शाश्वततेला चालना देणे हे संग्रहालयाचे काम मानले आहे.

भारतात याच हेतूने झालेला सर्वांत व्यापक प्रयोग रुळांवरून फिरला. २००७ मध्ये सुरू झालेली ‘सायन्स एक्सप्रेस’ ही १६ डब्यांची प्रदर्शन-गाडी ऑक्टोबर २०१५ पासून ‘क्लायमेट ॲक्शन स्पेशल’ म्हणून धावली. डब्यांत तापमानवाढीचे कारण, परिणाम आणि उपाय यांची मांडणी होती, गाडी स्थानकावर काही दिवस थांबे आणि आसपासच्या शाळांतील मुले रांगा लावून ती पाहत. आपल्या सर्व फेऱ्यांत या गाडीने एक कोटीहून अधिक प्रेक्षक मिळवले. महानगरातील संग्रहालयाकडे जाण्याचे भाडे ज्यांना परवडत नाही, त्यांच्याकडे संग्रहालयानेच यावे, हे तत्त्व तिने सिद्ध केले. परंतु गाडी निघून गेल्यावर गावात काय उरते, हा प्रश्नही तिने मागे ठेवला.

विदर्भापुरते पाहिले तर पाया मजबूत आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा ‘अजब बंगला’, १८६३ पासून उभे आहे. रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये सुरू झाले. नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे वेस्टर्न कोलफिल्ड्सने राज्याच्या पर्यटन विकास महामंडळासोबत खाण-पर्यटनही सुरू केले, म्हणजे खाण ही पाहण्याची आणि शिकण्याची जागा होऊ शकते, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. खुल्या खाणीची कापलेली भिंत ही मुळातच एक दालन असते: सर्वांत वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर-तांबूस वाळूचा दगड आणि तळाशी कोळशाचा चकाकता काळा पट्टा. सुरक्षित अंतरावर एक कठडा, मराठी आणि गोंडी या दोन्ही भाषांतील एक फलक आणि समजावून सांगणारा एक माणूस, एवढे असले तरी त्या भिंतीचा धडा होतो. आणि तो समजावून सांगणारा माणूस खाणीतून निवृत्त झालेला कामगार असेल, तर थरांची त्याची ओळख कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा पक्की असेल.

संग्रहालयाचे सामर्थ्य एका जागी एका क्षणी मनावर ठसा उमटवण्यात आहे. त्याची मर्यादाही तीच आहे. तासाभरात पाहून झालेल्या वस्तू कुतूहल जागे करतात, पण कारण आणि परिणाम यांची लांब साखळी त्या एकट्याने जोडू शकत नाहीत.

अभ्यासक्रमाची शिस्त

ही साखळी जोडण्याचे काम अभ्यासक्रमाचे आहे. मोठ्या संख्येने कोणालाही, बहुधा विनामूल्य, घरबसल्या घेता येणाऱ्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे पर्व २०१२ च्या सुमारास जगभर सुरू झाले. भारत सरकारने ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू केले आणि त्यावर पर्यावरण व हवामान या विषयांचेही अभ्यासक्रम उपलब्ध झाले. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी हवामान बदलावरचे विनामूल्य अभ्यासक्रम तयार केले आहेत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २०१५ मध्ये जॉन कूक यांच्या पुढाकाराने हवामानशास्त्र नाकारण्याच्या पद्धतींवर एक अभ्यासक्रम सुरू केला, आणि त्याची पद्धत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. विल्यम मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ‘वैचारिक लसीकरणा’ची कल्पना मांडली होती: जसे दुर्बल केलेले जंतू टोचून शरीराला रोगाशी लढण्याची तयारी करून देता येते, तसे चुकीच्या युक्तिवादाचे सौम्य रूप आधी दाखवून त्यातील हातचलाखी उघड केली, तर पुढे तोच युक्तिवाद समोर आल्यावर माणूस सहजी फसत नाही. आपल्याला सोयीचा तेवढाच आकडा उचलायचा, विषयाचा अभ्यास नसलेल्याला तज्ज्ञ म्हणून पुढे करायचे, शंभर टक्के खात्री मिळेपर्यंत काहीच मानायचे नाही, या युक्त्या एकदा नावानिशी ओळखता आल्या की मोबाइलवर फिरणारे संदेश वाचण्याची नजरच बदलते. थंडीच्या एका दिवसावरून तापमानवाढ खोडून काढणारा संदेश हे यांतल्या पहिल्या युक्तीचे साधे उदाहरण आहे.

तरीही या साधनाचा एक मोठा दोष आकड्यांनी दाखवून दिला आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या अभ्यासक्रमांच्या नोंदींवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. एकट्याने, पडद्यासमोर, परक्या भाषेत शिकणे टिकत नाही. आणि ज्यांना शिकण्याची संधी आधीपासूनच आहे, तेच अशा संधीचा लाभ अधिक घेतात. भामरागड किंवा एटापल्लीच्या दुर्गम गावात जेथे मोबाइलची रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर जावे लागते, तेथे तासाभराची चित्रफीत सलग पाहणे शक्य नाही. म्हणून अशा भागासाठीचा अभ्यासक्रम लहान लहान ध्वनिफितींचा, एकदा उतरवून घेता येणारा, मराठी व गोंडी बोलीतला आणि एकट्याऐवजी पाच-दहा जणांनी मिळून ऐकायचा असला पाहिजे. भाषांतर केलेली इंग्रजी पाठ्यपुस्तके हे काम करू शकत नाहीत, कारण त्यांतील उदाहरणे ध्रुवीय अस्वलांची असतात. येथील उदाहरणे मोहफुलाच्या बहराची, धानाच्या रोवणीची आणि तेंदूपत्त्याच्या हंगामाची असायला हवीत.

कूलरपासून सुरू होणारा धडा

उदाहरण घरातले असले की अवघड कल्पनाही कशी सोपी होते, हे विदर्भातील कूलरवरून दिसते. मार्च सरत आला की घरोघरी कूलर खिडकीत बसवले जातात, जाळीत वाळा किंवा लाकडाचा कीस भरला जातो, पाणी सोडले जाते आणि बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या थरातून आत येताना थंड होते. पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता घेते. माठातले पाणी थंड होते तेही याच कारणाने, आणि माणसाच्या अंगावरचा घाम वाळताना शरीर थंड होते तेही याच कारणाने. परंतु जून महिन्यात आभाळ भरून आले, हवा दमट झाली की तोच कूलर नुसती ओली हवा फेकू लागतो आणि जीव घाबरा होतो, हा अनुभव विदर्भातील प्रत्येक घराचा आहे.

तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळले आणि त्यावर वारा घातला, तर जो आकडा दिसतो त्याला ‘आर्द्र तापमान’ म्हणतात. कूलर जास्तीत जास्त कोठवर थंडावा देऊ शकतो याची ती मर्यादा होय. हवा ४२ अंश तापलेली पण अगदी कोरडी, म्हणजे १५ टक्के आर्द्रतेची असेल, तर हा आकडा २२ अंशांच्या आसपास येतो. हवा ३६ अंशच तापलेली पण ६० टक्के आर्द्रतेची असेल, तर तो २९ अंशांच्या घरात जातो. म्हणजे पारा कमी असूनही शरीराला दुसरी स्थिती अधिक जड जाते. हा आकडा ३५ अंशांवर पोचला तर सावलीत बसलेल्या निरोगी माणसाचे शरीरही स्वतःला थंड ठेवू शकत नाही, आणि कष्टाचे काम करणाऱ्याला धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून तापमानवाढीबरोबर दमट उष्णतेचा आणि मुसळधार पावसाचा असे दोन्ही धोके वाढतात. २०२२ च्या जुलैत वर्धा व इरई नद्यांच्या पुराने चंद्रपूर जिल्ह्याची जी दैना केली, तशी कोणतीही एक घटना केवळ तापमानवाढीमुळे घडली असे म्हणणे शास्त्राला धरून नसते. अशा घटनांची शक्यता वाढते, एवढे मात्र म्हणता येते. दोन तापमापक, एक सुती फडके आणि एक वाटी पाणी, एवढ्या साहित्यात हा पाठ शाळेच्या व्हरांड्यात होतो. खाणीतल्या आणि तेंदूपत्त्याच्या कामाच्या वेळा पहाटेकडे का सरकवायच्या, याचे कारण त्यातूनच कळते, आणि असे ज्ञान थेट जीव वाचवणारे असते.

चर्चेशिवाय ज्ञान अपुरे

वस्तूने कुतूहल जागे केले आणि अभ्यासक्रमाने कारणे जोडून दिली, तरी एक पायरी उरते, आणि तिचा उत्तम नमुना गडचिरोली जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अनेक वर्षांपासून अभ्यासगटाची पद्धत चालवली. जंगल, कायदा, पाणी असा एखादा विषय घ्यायचा, जाणकाराला बोलवायचे, गावकऱ्यांनी प्रश्न विचारायचे, आणि निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने करायचा. बाहेरचा माणूस माहिती देतो, निर्णय देत नाही. या अभ्यासाच्या बळावर वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना झाली. प्रौढांचे शिक्षण कसे होते, याचा हा वस्तुपाठ आहे: ज्यावर निर्णय घ्यायचा आहे असा प्रश्न समोर असला की अशिक्षित म्हणवला जाणारा माणूसही किचकट कायदा समजून घेतो, आणि निर्णयाचा अधिकार नसला की शिकलेला माणूसही माहिती ऐकून विसरतो.

माजरीत तर हा प्रश्न सर्वांत तीव्र स्वरूपात उभा राहतो. येथील घरे कोळशाच्या पगारावर चालली आहेत, मुले त्याच पगारावर शिकली आहेत, आणि राज्याच्या इतर भागांतील दिवे याच कोळशाने लागले आहेत. कोळसा वाईट आहे, असे एका वाक्यात सांगणारा फलक या गावात लावला, तर तो घरच्या कर्त्या माणसाच्या कष्टांचा अपमान ठरेल आणि त्याखालचे शास्त्र कोणी वाचणार नाही. उलट कोळशाचे परिणाम लपवून केवळ विकासाची गाथा सांगणारे दालन उभारले, तर तेच गाव ज्या उष्णतेत होरपळते तिचे कारण त्याच्यापासून दडवून ठेवल्यासारखे होईल. खाणी एक ना एक दिवस संपतात. इंग्रजांच्या काळात सुरू झालेली शेजारच्या वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद पडली, हा इतिहास तालुक्याच्या दारातच आहे. खाण बंद होताना कामगारांना आणि गावाला दुसऱ्या उपजीविकेकडे नेण्याची जी जबाबदारी समाजावर येते, तिला आज ‘न्याय्य संक्रमण’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ माजरीच्या लोकांना इतर कोणापेक्षा आधी आणि नीट कळला पाहिजे, कारण तो निर्णय त्यांच्याविषयी असणार आहे.

म्हणून येथील संग्रहालयाची किंवा अभ्यासक्रमाची कसोटी प्रेक्षकांच्या संख्येवर किंवा प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यावर ठरणार नाही. इरईच्या ओरखड्यांपासून कोळशाच्या पट्ट्यापर्यंत आणि कार्बन-१४ पासून कूलरपर्यंत सारे समजून घेतलेली माजरीची एखादी मुलगी संध्याकाळी घरी जाऊन, आयुष्यभर खाणीत राबलेल्या वडिलांना हा विषय त्यांच्याच भाषेत समजावून सांगू शकते का, सांगताना त्यांच्या कष्टांचा मान राखते का आणि खरे तेच सांगते का, आणि वडील त्यावर उलट प्रश्न विचारतात का, यावर ती ठरेल. तो उलट प्रश्न आला, तर शिक्षण गावात पोचले असे निश्चित समजावे.